रस्ता आला की

आमच्या गल्लीत 'कधीच नाही' असं कुणी म्हणत नाही. ते उद्धट वाटतं. आम्ही म्हणतो, 'रस्ता आला की.'

पोराने बापाकडे मोटरसायकल मागितली की बाप पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "घेऊ की. रस्ता आला की." पोरगं काय ते समजतं आणि गुपचूप जेवायला बसतं. डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं तेव्हा मीही त्यांना हेच उत्तर दिलं. डॉक्टर बाहेरचे. ते म्हणाले, "अहो, रस्त्याची वाट कशाला बघताय? बागेत चाला." बागेला तेव्हा 'रस्त्यासाठी राखीव' अशी पाटी लावून कुलूप घातलं होतं, त्यामुळे तोही विषय मिटला.

हा रस्ता म्हणजे काही साधासुधा रस्ता नव्हे. महानगराच्या पोटात न शिरता सगळ्या उपनगरांना बाहेरून वळसा घालणारा तो द्रुतगती महामार्ग आहे. कागदावर त्याचं पूर्ण नाव इतकं लांबलचक आहे की ते म्हणून होईस्तोवर माणूस चालत पलीकडे पोचेल. आम्ही शाळेत जात होतो तेव्हा तो जाहीर झाला. पुढे आमची मुलं शाळेत गेली, आमचे केस गेले, आणि रस्ता नकाशावरच फिरत राहिला.

कारण त्याची रेघ एका जागी ठरेना. आधी ती तळ्यावरून जात होती. मग तळ्यात एक दुर्मीळ बेडूक निघाला. तो बेडूक आम्ही रोज बघत होतो, पण आपण दुर्मीळ आहोत हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. रेघ सरकून शाळेच्या मैदानावर आली. मुख्याध्यापकांनी मुलांना उन्हात उभं करून रस्त्याविरुद्ध समूहगीत म्हणायला लावलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी पहिलं कडवं कसंबसं सोसलं आणि रेघ हलवायचा शब्द दिला. मग ती स्मशानावर गेली. तिथे तरी कुणी तक्रार करणार नाही असा हिशेब होता. पण तिथली बरीच मंडळी अजून मतदान करत होती असं कळलं, आणि मतदारांना दुखवून कसं चालेल? अशी ठिकठिकाणी हाकलली गेलेली ती रेघ शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पंक्चरच्या दुकानावर येऊन टेकली.

आणि अख्ख्या महानगरात या रेघेचं स्वागत करणारा एकच माणूस निघाला. तो म्हणजे स्वतः पंक्चर.

पंक्चर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि ती गेल्यावर बहुधा त्यालाही आठवेनासं झालं. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, बाहेर टांगलेले टायर, आणि पायाशी काळ्या पाण्याचा एक पसरट टब. ट्यूब त्या पाण्यात बुडवून तो असा टक लावून बसायचा की वाटावं, ह्याला तिथे भविष्य दिसतंय. बुडबुडा आला की चेहरा उजळायचा. "सापडलं." गिऱ्हाईक उन्हात तिष्ठत असायचं, त्याला कामाची घाई, आणि हा समजावत बसायचा, "हे बघा, हवा कुठून जाते ते कळलं ना, की अर्धं काम झालं. माणसाचंही तसंच आहे." माणसाचं कसं ते त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकायला थांबणार कोण?

स्वभावाने गोड, पण एक गोष्ट मनावर घेतली की सोडायची नाही, असा हा माणूस. रबराच्या चिकटपट्टीत आयुष्य काढल्याचा तो परिणाम असावा.

आता टेलरताईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

टेलरताई गल्लीच्या मधोमध, भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. गळ्यात मोजायची टेप, कानावर खडू, आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्यामुळे त्या ओठ न हलवता बोलतात, आणि त्या चिडल्यात की हसतायत हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. माप घेताना त्या कंबरेचा आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत, फक्त भुवई उचलतात. गल्लीतल्या कितीतरी जणींनी त्या एका भुवईपायी जेवण कमी केलं आहे.

तर आम्ही सगळे तरुण होतो त्या काळात, एक दिवस पंक्चर फाटलेला खिसा घेऊन त्यांच्याकडे गेला. मीही तिथे होतो, माझ्या पँटची लांबी वाढवायची होती. पंक्चरने शर्ट पुढे केला, घसा खाकरला आणि म्हणाला, "तू कपड्यांना ठिगळं लावतेस, मी ट्यूबला लावतो. दोघं मिळून लावली तर?"

माझ्या हातातली पँट खाली पडली. जगात इतकी वाईट मागणी कुणी कुणाला घातली नसेल.

टेलरताईंनी मशीन थांबवलं नाही. त्यांची आई तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती, धाकटा भाऊ कॉलेजात होता, आणि घर त्या एका मशीनवर चालत होतं. तोंडात टाचण्या तशाच ठेवून त्या म्हणाल्या, "करू की. रस्ता आला की."

आता हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पंक्चर तर जन्मापासून ह्याच गल्लीतला. पण बाहेर आल्यावर तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ऐकलंस ना? तू साक्षीदार आहेस."

"कशाचा?"

"ती हो म्हणाली."

"अरे, रस्ता आला की म्हणाली ती."

"तेच की. मी विचारलं करायचं का, तिने सांगितलं कधी करायचं. आता रस्ता आणणं सरकारचं काम."

त्या दिवसापासून सरकारला असा कार्यकर्ता मिळाला की ज्याला पगार द्यावा लागत नव्हता. जमीन मोजायला माणसं आली की गल्लीतली बाकी दारं धडाधड बंद व्हायची आणि हा त्यांना पाणी नेऊन द्यायचा. त्यांच्या गाडीच्या चाकात गल्लीतली उनाड पोरं खिळे ठोकायची, हा ते फुकट काढून द्यायचा. मोजणीचा तिपाई स्टँड चिखलात रुतला तर हा मागून धरून उभा राहायचा. एकदा त्या मोजणीवाल्यानेच त्याला विचारलं, "दादा, रेघ तुमच्याच दुकानावरून चाललीये. दुकान पडणार तुमचं. कळतंय ना?"

"कळतंय," पंक्चर म्हणाला. "जरा लवकर पाडता येईल का बघा."

तो माणूस पुढे आमच्याकडे एकटा कधी आला नाही.

इकडे टेलरताईंचा भाऊ शिकला, नोकरीला लागला, आणि शिकलेल्या माणसाला काहीतरी विरोध करायला लागतोच, म्हणून त्याने 'रस्ता हटाव कृती समिती' काढली. तेव्हापासून त्याला सगळे अध्यक्ष म्हणतात. त्याची बायकोसुद्धा. "अध्यक्ष, कपडे वाळत घाला," असं आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. समितीची कृती म्हणजे सभा. सभेत ठराव व्हायचा, ठरावाचा निषेध व्हायचा, आणि मग चहा. समितीचे कापडी फलक अर्थात टेलरताई शिवून द्यायच्या. 'रस्ता हवा कशाला, घर आमचं मोडायला' हा त्यांच्या हातचा फलक इतका सुबक होता की दुसऱ्या उपनगरातल्या समित्यांनीही तसे मागवले.

असा सगळा मामला. ती रस्ता येऊ नये म्हणून फलक शिवतेय आणि हा रस्ता यावा म्हणून साहेबांची चाकं जोडतोय. समितीत पंक्चरबद्दल कुजबुज व्हायची. ठेकेदाराने विकत घेतलाय, म्हणे. अध्यक्षांनी एका सभेत त्याला नाव न घेता 'घरभेदी' म्हटलं. नाव घेतलंच नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं. पंक्चर मागच्या रांगेत बसून मान डोलवत होता. होणाऱ्या मेव्हण्याशी वाद कशाला घाला, असा त्याचा सरळ विचार.

मधल्या काळात रेघ दोनदा गल्ली सोडून गेली. कुठल्याशा बिल्डरला ती स्वतःच्या संकुलाजवळ हवीशी झाली, मग त्यालाच नकोशी झाली. ती लांब जायची तेव्हा पंक्चर टबाशी बसून नुसता पाण्याकडे बघत राहायचा. ट्यूबसुद्धा हातात नसायची. आमची बायको खिडकीतून बघून म्हणायची, "बिचाऱ्याचं लग्न परत पाच किलोमीटर लांब गेलं."

माझ्या बायकोचं ह्या प्रकरणावर बारीक लक्ष होतं. एकदा ती म्हणाली, "तुमच्या एक लक्षात आलंय का? ताईंना इतकी स्थळं आली. बँकेतला आला, तो दाढीवाला मास्तर आला. त्या प्रत्येकाला काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"चांगलं स्वच्छ 'नाही' म्हणाल्या. रस्ता आला की असं कुणाला म्हणाल्या का?"

"पण अगं, अर्थ एकच ना?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

"आणि तो खिसा," ती पुढे म्हणाली. "त्याचा एकच खिसा कायम उसवतो. ताईंनी शिवलेलं दुसऱ्या कुणाचं कधी उसवलंय? तुमच्या पँटची शिवण तर तुम्ही एवढे सुटलात तरी टिकून आहे."

तिचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. खिसा मात्र उसवायचा हे खरं. दर थोड्या दिवसांनी पंक्चर शर्ट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात उभा. आत कधी गेला नाही. ठरलेलं संभाषण व्हायचं.

"खिसा गेला."

"ठेव."

"रस्त्याचं ऐकलंस का? कागद वर गेलेत."

"वरच राहू देत."

झालं. एवढ्यावर हा पुढचे कितीतरी दिवस खूश.

ताईंची आई गेली. भावाचं लग्न झालं. वहिनी आली, तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि ताईंना पुढची खोली कायमची मिळाली. त्यांच्या केसांत पांढरं दिसायला लागलं आणि पंक्चरच्या डोक्यावर पांढरं व्हायलाही काही उरलं नाही. आता खरं तर त्या 'हो' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण एकदा दिलेलं उत्तर बदलायचं कसं? आणि त्यालाही परत विचारायचं नव्हतं, कारण त्याच्या मते त्याला उत्तर मिळालेलं होतं. दोन शहाणी माणसं एका रस्त्यासाठी अडून बसली होती, आणि रस्ता अडून बसला होता सरकारसाठी.

आणि मग एका सकाळी रस्ता खरंच आला.

म्हणजे आधी खुंट्या आल्या, मग लाल रंगाच्या खुणा. पंक्चरच्या पत्र्यावर मोठी लाल फुली मारली. तो ती फुली लोकांना बोलावून बोलावून दाखवत होता, जणू कुणी सही करून दिली आहे. मग यंत्रं आली. पत्र्याची खोली पडायला एक जांभई द्यावी एवढाच वेळ लागला. पंक्चर टब आणि पंप घेऊन बाजूला उभा होता. मी सांत्वन करायला गेलो, तर पठ्ठ्या दाढी करून आलेला.

तो तसाच टब काखेत धरून टेलरताईंच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. मागोमाग आम्ही आठदहा जण, सहज चाललोय असं दाखवत.

"आला," तो म्हणाला.

ताईंनी मशीन थांबवलं. मान वर केली. तोंडात टाचण्या होत्याच. त्यांचा हात कापडावरून उगाचच दोनदा फिरला. एवढ्यात आतून अध्यक्ष आले. हातात सरकारी नकाशाची गुंडाळी.

"कोण आला?" अध्यक्षांनी विचारलं.

"रस्ता."

"कुठे आला?" अध्यक्षांनी नकाशा शिवणाच्या टेबलावर पसरला. "हे बघ. खांबांवरून चाललाय. आपल्या डोक्यावरून. इथे चढायला जागा नाही, उतरायला जागा नाही. पहिला उतार पार त्या टोकाला, सिमेंट कारखान्यापाशी. ह्याला रस्ता आला म्हणतात? रस्ता चाललाय. आपल्याकडे फक्त खांब आलेत."

ह्या माणसाने आयुष्यभर ठराव केले त्यातला एकही कामाचा नव्हता, आणि नेमका आज ह्याला मुद्दा सापडला.

पंक्चर नकाशाकडे बघत राहिला. मग ताईंकडे पाहून म्हणाला, "वरून का होईना. आला ना?"

"वर ना?" ताई टाचण्यांतून म्हणाल्या. "मग वर जा."

कुणीतरी हसलं. ताई चिडून बोलल्या होत्या की गंमत करत होत्या, कुणाला कळलं नाही. पण पंक्चरचा चेहरा पडला तो मी पाहिला. टबातलं पाणी केव्हाच सांडून गेलं होतं, रिकामा टब घेऊन तो वळला आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथे दुकान होतं तिथल्या मातीवर जाऊन बसला. दुकान रस्त्यासाठी दिलं आणि रस्त्याने खाली बघायलाही नकार दिला.

त्याच्या अंगावर त्या दिवशी तोच शर्ट होता. खिसा लोंबत होता. तो शिवायला टाकायला तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही. ताई काम करता करता उंबऱ्याकडे बघायच्या, असं बायको सांगायची. अध्यक्षांच्या बायकोचा एक ब्लाउज त्या काळात दोन वेगवेगळ्या बाह्यांचा शिवला गेला.

मग सुनावणी लागली. रस्ता बांधायला घेतल्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची ही पद्धत मला आवडते. जेवण झाल्यावर 'काय खाणार' विचारण्याइतकीच ती प्रेमळ आहे. सभागृह शाळेतलंच होतं. समोर टेबलावर साहेब, बाजूला पडदा, पडद्यावर चित्रं. चित्रात खांबांखाली हिरवळ होती आणि हिरवळीवर गोरीपान माणसं कुत्री फिरवत होती. आमच्या गल्लीत अशी माणसं नाहीत. बहुधा तीही रस्त्याबरोबरच येणार असावीत.

साहेब तरुण होते, तीनदा 'आपुलकी' म्हणाले. "ह्या प्रकल्पामुळे प्रवासाचा वेळ वाचेल," ते म्हणाले.

"कुणाचा?" मागून आवाज आला.

"वापरकर्त्यांचा."

"आम्ही कोण?"

साहेबांनी कागद चाळला. "आपण बाधित."

बाधितांनी मग आपापलं म्हणणं मांडलं. एका आजोबांनी विचारलं, खांबाच्या सावलीत कपडे वाळतील का. किराणावाल्याने विचारलं, खांबावर जाहिरात लावू द्याल का. अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला. तो इतका लांब होता की साहेबांनी मधे पाणी पिऊन घेतलं, फोन घेतला, परत पाणी प्यायलं.

तेवढ्यात पंक्चर उभा राहिला. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा टाळ्या वाजवेल. आजवर रस्त्याचे साहेब आले की प्रत्येक वेळी त्याने रस्त्याच्या बाजूने भाषण केलं होतं. साहेबांनाही कुणीतरी ते सांगितलं असावं, कारण ते हसले आणि म्हणाले, "या दादा, तुमच्यासारखे नागरिक हवेत."

"साहेब," पंक्चर म्हणाला, "हा रस्ता येत नाही."

"म्हणजे?"

"नुसता जातो." तो खिशाशी चाळा करत उभा राहिला. खिसा निघून हातात आला. तो त्याने घडी घालून पँटच्या खिशात ठेवला आणि खाली बसला.

आमच्या सगळ्यांना कळलं होतं तो काय म्हणतोय. साहेबांना सोडून.

बायकांच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टेलरताई उभ्या होत्या. गळ्यात टेप तशीच. रस्त्याच्या सभेला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या. ताईंचं पूर्ण तोंड मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

"साहेब, उतार द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रस्त्याला. आमच्या गल्लीशी. वरून खाली येईल असा उतार द्या."

अध्यक्षांच्या हातातून ठराव गळून पडला. "ताई," ते हळूच म्हणाले, "आपण रस्त्याच्या विरोधात आहोत."

"तू आहेस. मी फलक शिवते. खाली बस."

अध्यक्ष बसले. त्यांच्या बायकोने बाजूला सरकून जागा करून दिली.

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. "बाई, उताराला वाहतुकीची संख्या लागते. तुमच्या गल्लीत उतरणार कोण?"

"कुणी नाही उतरलं तरी चालेल."

"मग हवाय कशाला?"

"रस्ता आला म्हणायला," ताई म्हणाल्या.

साहेब गोंधळले. त्यांच्या शिक्षणात हा भाग नसावा. इकडे सभागृहातली सगळी माणसं पंक्चरकडे वळून बघत होती. तो मात्र ताईंकडेच बघत होता. पाण्यात ट्यूब बुडवल्यावर बघायचा ना, तसा, श्वास रोखून. माझ्या शेजारी बायकोने माझा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब म्हणाले. "आपली सूचना अत्यंत मौल्यवान आहे. आम्ही ती सकारात्मकपणे विचारात घेऊ."

ताई तशाच उभ्या. "विचारात घेऊ म्हणजे कधी देणार?"

"बघू ना." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कागद गोळा करायला लागले. "आधी रस्ता तर येऊ द्या. रस्ता आला की बघू."

मग मागच्या आजोबांना खोकल्यासारखं हसू फुटलं, आणि पाठोपाठ अख्खं सभागृह हसत सुटलं. लोक एकमेकांना टाळ्या देत होते, डोळे पुसत होते, किराणावाला खुर्चीवरून घसरला. साहेब आधी बावरले, मग आपण काहीतरी चांगला विनोद केला असावा असं वाटून तेही हसायला लागले. पुढे त्यांनी वर कळवलं म्हणे, की ह्या भागात प्रकल्पाचं उत्साहाने स्वागत झालं.

फक्त दोघं हसत नव्हती. ताई खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत पुरुषांच्या बाजूला आल्या आणि पंक्चरसमोर उभ्या राहिल्या.

"ऐकलंस ना? उतार काही मिळत नाही."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय," पंक्चर खाली बघत म्हणाला. "तू सांगशील तसं. थांबू."

"अजून थांबायचं?" ताई म्हणाल्या. "ह्यांच्या भरवशावर? तो खिसा दे इकडे."

त्याने पँटच्या खिशातून शर्टाचा खिसा काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्या खेपेला दुहेरी शिवण घालते. आणि कोट लागेल तुला एक. लग्नात असा येणार आहेस का? सरळ उभा राहा."

आणि तिथेच, साहेबांच्या पडद्यासमोर, त्यांनी गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेतलं. कंबरेपाशी आल्यावर भुवई उचलली.

लग्न सरकारी कचेरीत सह्या करून झालं. साक्षीदार म्हणून मलाच बोलावलं. पंक्चर म्हणाला, तू पहिल्यापासूनचा आहेस. अध्यक्षांनी दोघांचं अभिनंदन करणारा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला, असा समितीच्या इतिहासातला तो पहिलाच. पंक्चर आता त्याच घरात राहतो. अध्यक्षांनी बाधितांच्या पुनर्वसनासाठी इतकी वर्षं घसा कोरडा केला. सरकारने ऐकलं नाही, पण त्यांच्या बहिणीने ऐकलं, आणि एक बाधित थेट त्यांच्याच घरात आणून बसवला. रोज सकाळी न्हाणीघर कुणी आधी वापरायचं यावरून अध्यक्ष आणि बाधित यांच्यात वाटाघाटी चालतात.

शिवणाच्या खोलीला मधे एक पडदा लागला आहे. अलीकडे मशीन, पलीकडे टब. कपड्यांना कधीकधी रबराचा वास येतो, आणि एका गिऱ्हाइकाच्या ट्यूबवर फुलाफुलांचं ठिगळ निघालं होतं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही. खिसा मात्र तेव्हापासून एकदाही उसवलेला नाही. बायको मला अधूनमधून त्याची आठवण करून देते.

रस्ता वरून सुरू झाला. रात्रंदिवस गुंगुं आवाज येतो. उतार झालेला नाही, तो विचाराधीन आहे. त्यामुळे गल्लीची पंचाईत झाली होती. रस्ता तर आला, आता नाही म्हणायचं कसं? पोरांनीच वाट काढली. परवा मी नातवाला विचारलं, अभ्यासाला कधी बसणार, तर तो म्हणाला, "उतार झाला की." मी समजलो आणि जेवायला बसलो.

मधे एकदा संध्याकाळी मी पँट घेऊन ताईंकडे गेलो होतो, कंबर सैल करायला. पंक्चर दारात उभा राहून मान वर करून ऐकत होता. वरच्या रस्त्यावर एक गाडी फटफट फटफट करत थांबली होती.

"टायर गेला बघ," तो कळवळून म्हणाला. "आणि मी इथे बरोब्बर खाली उभा आहे. येता आलं असतं खाली तर पाच मिनिटांत जोडून दिला असता."

"येईल की," ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. तोंडात टाचण्या होत्या. "उतार झाला की."

पंक्चरने आत वळून पाहिलं, जरा विचार केला, आणि पंप पुसून दाराशी नेऊन ठेवला.